डावीकडे चार बोटं जास्त

"माझ्या वडिलांना अटक करा," फोनवरची मुलगी म्हणाली.

इन्स्पेक्टरबाईंनी चहाचा कप तोंडापासून दूर धरला. नवऱ्याला आत टाका, शेजाऱ्याला टाका, जावेला तर जन्मठेपच द्या, असे फोन त्यांनी वीस वर्षांत ढिगाने घेतले होते. बापाला अटक करा म्हणणारी ही पहिलीच.

"काय केलं वडिलांनी?"

"माझा नवरा मारला."

"कशाने?"

"गाडीचा मागचा बंपर कापून."

बाईंनी कप खाली ठेवला. समोर बसलेला हवालदार बिस्कीट चावायचं विसरला.

"सगळं सावकाश सांगा," बाई म्हणाल्या.

प्रकरण तसं ठाण्यात नोंदलेलं होतं, आणि नोंदवून विसरलेलंही. शहराबाहेर गाड्यांच्या शर्यतीचा एक ट्रॅक होता. दर रविवारी हौशी मंडळी आपापल्या गाड्या तिथे गोल गोल पळवायची. मागच्या रविवारी दुपारी तिसऱ्या वळणावर, डावीकडे वळताना, एक पिवळी गाडी रस्ता सोडून गेली. गरगर फिरली, कडेच्या पाणी मारलेल्या गवतातून घसरली आणि उजव्या कुशीने भिंतीवर आदळली. चालवणारा उजवीकडेच बसतो. तो जागच्या जागी गेला. वय एकतीस.

आज शुक्रवार. काल क्लबच्या तज्ज्ञाने अहवाल दिला होता आणि मुलीने तो फोनवर वाचून दाखवला. गाडीचा मागचा बंपर खालून कापलेला आहे. डावीकडे तो चार बोटं जास्त कापला गेला आहे. त्यामुळे हवा असमान सुटून वळणावर गाडीची मागची बाजू हलकी झाली असावी. बंपर कापला होता मुलीच्या बापाने. शहरात गाड्यांच्या बंपरचं असलं नाजूक काम करणारा तो एकटाच मिस्त्री होता.

"मागच्या बाजूचे फोटो कुठायत?" जीपमध्ये बाईंनी विचारलं.

"मॅडम, मागे काही झालंच नव्हतं," हवालदार म्हणाला. पंचनामा त्यानेच केला होता. "धडक उजवीकडे, म्हणून उजवीकडचे काढले."

"म्हणजे मागे काही झालं नाही, हे तुम्हाला मागे न बघताच कळलं."

हवालदाराने बाकीचा रस्ता खिडकीबाहेर बघून काढला.

ट्रॅकवर पाय ठेवल्याबरोबर बाईंना किळस आली. जळक्या रबराचा वास होता, पण वासाची सवय होते. किळस आली ती भिंतीवरच्या फळ्याची. येत्या रविवारची यादी त्यावर लिहून झाली होती. मेलेल्याचा नंबर सत्तावीस. सत्तावीससमोर दुसऱ्याच कुणाचं टोपणनाव होतं.

"नंबर रिकामा ठेवत नाही आम्ही," क्लबचा सेक्रेटरी म्हणाला. माणूस गुळगुळीत होता, बोलणंही तसंच. "वाट बघणारे खूप असतात. थंड काही घेणार?"

"नाही. गाडी दाखवा."

शेडमध्ये दोन्ही बाजूंनी गाड्या उभ्या होत्या. रंग खराब होऊ नये म्हणून प्रत्येकीच्या नाकावर पांढऱ्या टेपच्या पट्ट्या मारलेल्या. आजूबाजूला शेतं, त्यामुळे रविवारी आदळलेले किडे पट्ट्यांवर तसेच वाळले होते. पंख, पाय आणि हिरवट लगदा. बाईंनी नाकाला रुमाल लावला. एका निळ्या गाडीच्या नाकाचा उजवा कोपरा तेवढा स्वच्छ होता. तिथे त्यांची नजर जरा विसावली.

"ही कुणाची?"

"दादांची. गेलेल्याचे थोरले भाऊ." सेक्रेटरीने आवाज खाली आणला. "रविवारपासून कुणी गाड्यांना हात लावलेला नाही, मॅडम. शोक म्हणून."

"पुसल्याही नाहीत."

"पुसायचा वार शनिवार."

कडेच्या फळीवर सगळ्यांची सामाईक हत्यारं पडली होती. पाने, जॅक, तेलाने चिकट झालेला ग्राइंडर. ग्राइंडरच्या चकतीवर पिवळं काहीतरी वितळून बसलं होतं आणि त्याला टेकून कुणाचं तरी अर्धं सँडविच बुरशी धरून पडलं होतं. इतके मोठे मोठे लोक, आणि खरकटं उचलायला हात नाहीत, असं बाईंच्या मनात आलं.

पिवळी गाडी सगळ्यात शेवटी होती. उजवी बाजू बघवत नव्हती. डावी बाजू मात्र काही घडलंच नाही अशी. बाई वाकल्या, मग वर्दीची पर्वा न करता सरळ गुडघ्यांवर बसल्या.

बंपर खालून कापलेला होता खरा. उजवीकडून बोट फिरवलं तर कड काचेसारखी गुळगुळीत. तिच्यावर काळी रबरी पट्टी चिकटवलेली. पट्टी मधोमध येऊन डावीकडे गेली होती आणि डाव्या चाकाच्या अलीकडे तुटल्यासारखी संपली होती. तिथून पुढे बंपर चार बोटं वर चढलेला. ती कड खरबरीत होती, मेणबत्तीचं मेण ओघळून गोठावं तशी गाठीगाठींची.

आत, बाहेर, सगळीकडे गवताचा चिखल वाळून जाड झाला होता. तो त्या खरबरीत कडेपर्यंत येऊन थांबला होता. कडेवर मात्र चिखलाचा ठिपकाही नव्हता. डाव्या टायरवरच्या वाळक्या चिखलावर पिवळा चुरा सांडलेला होता.

"हे काय?"

"अपघातात फुटलं असणार," सेक्रेटरी म्हणाला.

"फुटलं तर उजवीकडे," हवालदार म्हणाला.

बाईंनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदाच तो कामाचं बोलला होता.

"शेडची चावी कुणाकडे असते?"

"माझ्याकडे."

"रविवारनंतर कुणाला दिलीत?"

"सोमवारी दुपारी दादांना. भावाचं हेल्मेट, बूट, जॅकेट न्यायचं होतं. मंगळवारी प्रोफेसरांना, अहवालाच्या मोजमापासाठी. बस."

"मिस्त्री आला होता?"

"रविवारी संध्याकाळीच. गाडी एकदा बघू द्या म्हणून रडला. दादांनी आत सोडू नका सांगितलं."

"तिसऱ्या वळणावर नजर ठेवायला झेंडेवाला असतो ना? त्याने काय पाहिलं?"

सेक्रेटरीने घड्याळाचा पट्टा सैल केला, पुन्हा घट्ट केला. "तो त्या वेळी जेवायला गेला होता."

"आणि गाड्या चालूच होत्या?"

"मॅडम, आजवर कधी काही झालं नव्हतं हो."

बाईंनी वही मिटली. बोलल्या असत्या तर ते कागदावर लिहिण्यासारखं नसतं.

प्रोफेसरने आयुष्यात कुठे शिकवलेलं नव्हतं. क्लबात उठसूट समजावून सांगायचा म्हणून हे नाव पडलं होतं. त्याने आपल्या दिवाणखान्यातल्या पांढऱ्या फळ्यावर झरझर गाडी काढली आणि तिच्याखालून बाण सोडले.

"हवा गाडीच्या पोटाखालून येते. मागचा बंपर आतून पोकळ. हवा त्यात भरते आणि गाडीला मागे ओढते. उलटी छत्री धरून धावल्यासारखं. बंपर खालून कापला की हवा निसटून जाते."

"म्हणजे कापणं चांगलं?"

"साधारणपणे. ज्या गाडीचं पोट खाली सपाट असतं, तिला कमी फायदा. जिचं उघडं असतं, तिला थोडा जास्त. पण थोडाच."

"तुमच्या गाडीचा कापलाय?"

प्रोफेसरचा मार्कर थांबला. "हो."

"कुणी?"

"मिस्त्रींनीच."

"वळणावर हलकी होते मागची बाजू?"

"माझी होत नाही. पण माझा दोन्हीकडे सारखा कापलाय. पिवळ्या गाडीचा डावीकडे चार बोटं जास्त निघाला."

"चार बोटांनी माणूस मरतो?"

"मरू शकतो असं मी लिहिलेलं नाही. हलकी झाली असावी असं लिहिलंय."

"असावी. ते सुचलं कुणाला?"

"सोमवारी संध्याकाळी दादांचा फोन आला. म्हणाले, डावीकडे जास्त कापलेला दिसतोय, त्याने असं होऊ शकतं का? मी म्हटलं, शास्त्राप्रमाणे होऊ शकतं. म्हणाले, मग तेवढं लिहून द्या."

"आणि तुम्ही दिलंत. 'असावी' लिहिलंत आणि एका पोरीने त्याचं 'बापाने मारलं' असं वाचलं."

"ते मी लिहिलेलं नाही," प्रोफेसर म्हणाला आणि फळा पुसू लागला.

जिना उतरताना बाईंना वाटलं, घरी जाऊन आंघोळ करावी. अजून दोन घरं बाकी होती.

मिस्त्रीच्या दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. त्यावर जळक्या तेलाने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: खुनी. खाली ओघळ आले होते. आत मिस्त्री स्टुलावर बसला होता, हात मांडीवर. साठीचा, अंगाने काटक माणूस. बाईंना पाहून तो उठला आणि दुसरं स्टूल फडक्याने पुसून पुढे सरकवलं.

"शटरवर कुणी लिहिलं?"

"माहीत नाही."

"पुसलं का नाही?"

मिस्त्रीने हातातल्या फडक्याची घडी घातली.

"बंपर तुम्ही कापला?"

"मीच. तीन महिने झाले."

"डावीकडे चार बोटं जास्त?"

"नाही." हा शब्द त्याने जोरात उच्चारला. "सगळ्यांनी विचारलं, सगळ्यांना सांगितलं. कुणाला खरं वाटत नाही. फर्मा बघा."

भिंतीवरच्या खिळ्याला जाड पुठ्ठ्याचा एक लांब तुकडा टांगलेला होता, कापायच्या रेषेच्या आकाराचा. उजवी बाजू आखून झाली की तोच उलटा करून डावी आखायची. त्यावर पेन्सिलीने लिहिलं होतं, 'दोन्हीकडे सारखं! सासरेबुवा, घाई नको.'

"जावयाचं अक्षर," मिस्त्री म्हणाला. "घाई त्यालाच असायची."

"कापता कशाने?"

"बारीक दाताच्या करवतीने. मग कानस, मग पॉलिश पेपर, मग रबरी पट्टी. दोन तास जातात."

"ग्राइंडरने दोन मिनिटांत होईल."

मिस्त्रीने बाईंकडे असं पाहिलं, जणू त्यांनी पोराचे केस विळीने कापायला सांगितलं होतं. "प्लास्टिक वितळतं, मॅडम. कडेला गाठी येतात. गरम थेंब अंगावर उडतात ते वेगळंच. प्लास्टिकला ग्राइंडर लावणारा एक तर नवशिका, नाही तर घाईतला."

"कापल्यानं फरक पडला का? हवेचा?"

"आम्ही तपासलं ना. बंपरवर लोकरीचे धागे चिकटवले, हवा कुठून जाते बघायला. घड्याळ लावून फेऱ्या मोजल्या. फरक पडला असेल तर गाडीला माहीत, घड्याळाला काही कळला नाही."

"मग कापला कशाला?"

"हौस," मिस्त्री म्हणाला आणि फर्मा खिळ्यावर नीट करू लागला. "पण पोरगं मात्र जोरात पळवायला लागलं. बंपरने नाही, हुरूप आला होता. मागच्या महिन्यात दादालाही मागे टाकलं. दहा वर्षांत दादाच्या पुढे कुणी गेलं नव्हतं."

"दादाला कसं वाटलं?"

"सगळ्यांदेखत मिठी मारली त्याने. नंतर इथे येऊन मला म्हणाला, मिस्त्री, माझाही कापून द्या. मी म्हटलं, दादा, याने काही होत नाही. त्याला ते खरं वाटलं नाही. जावयाला देता आणि मला नाही, असं म्हणून निघून गेला."

बाईंनी फर्मा मागितला. मिस्त्रीने तो कागदात गुंडाळून दिला.

"माझी मुलगी बरी आहे का?" त्याने विचारलं. "जेवते का?"

"अजून भेटले नाही," बाई म्हणाल्या. त्यांना हे उत्तर अगदी अपुरं वाटलं.

मुलीच्या घरी दादाच सगळं बघत होता. आल्यागेल्याला पाणी देत होता, खुर्च्या लावत होता, फोन घेत होता. चाळिशीचा, रुबाबदार, डोळे लाल. मुलगी कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. तिच्या नखांच्या कडांना काळं काहीतरी लागलेलं होतं. धुऊनही गेलेलं नव्हतं.

"तू बस, मी बोलतो," दादा तिला म्हणाला. "मॅडम, आम्हाला सूड नकोय. पण चूक ती चूक. म्हाताऱ्याचे हात आता चालत नाहीत, तरी हट्ट. माझा भाऊ गेला त्यात."

"तुम्ही रविवारी ट्रॅकवरच होतात?"

"होतो. बराच मागे होतो. मी पोचलो तेव्हा गाडी भिंतीला लागली होती. मीच त्याला बाहेर काढलं."

त्याने हात पुढे केले. उजव्या मनगटावर, हातमोजा संपतो तिथे, मोहरीएवढे पाच-सहा लाल डाग होते.

"हे तेव्हाचं?"

"इंजिनाचं गरम तेल उडालं. भाऊ जळेल म्हणून मी बघितलं नाही मागेपुढे."

मुलीने हुंदका दिला. दादाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. तोच हात, डागांचा.

"बंपर डावीकडे जास्त कापलाय हे तुम्हाला कधी दिसलं?"

"सोमवारी. सामान आणायला गेलो तेव्हा."

"वडील काय म्हणाले?" बाईंनी मुलीला विचारलं.

"नाही म्हणाले. म्हणणारच. मी त्यांचं तोंड बघणार नाही."

"उद्या दुपारी बारा वाजता ट्रॅकवर या. तोंड बघावं लागेल. सगळ्यांचंच."

शनिवारी बाराला शेडमध्ये सगळे जमले. सेक्रेटरी, प्रोफेसर, दादा. मिस्त्री दाराशी उभा होता, मुलगी त्याच्यापासून जितकं लांब जाता येईल तितकी लांब. क्लबचे पाच-सहा जण बादल्या आणि फडकी घेऊन गाड्या पुसायला आलेले. बाईंनी त्यांना बादल्या खाली ठेवायला लावल्या. मग त्यांनी फर्मा उलगडला.

"यावरून हा बंपर कापला. बघा."

हवालदाराने फर्मा उजवीकडे धरला. तंतोतंत बसला. उलटा करून डावीकडे धरला. रबरी पट्टी संपेपर्यंत तंतोतंत, पुढे चार बोटं मोकळी जागा.

"मिस्त्री करवतीने कापतो, कानस मारतो, पट्टी लावतो. तीन महिन्यांपूर्वीचं ते काम इथपर्यंत. पुढची चार बोटं दुसऱ्याने कापली, आणि ग्राइंडरने. कडेला गाठी आहेत. तो ग्राइंडर त्या फळीवर आहे, चकतीवर पिवळं प्लास्टिक वितळून बसलंय. कुणी साफही केलं नाही. इथे कुणी काही साफ करत नाही, हे मिस्त्रीचं नशीब."

सेक्रेटरी खाली बघू लागला.

"कधी कापलं? गाडी गवतातून घसरली तेव्हा सगळीकडे चिखल उडाला. या कडेवर मात्र नाही. आणि कापताना पडलेला चुरा वाळलेल्या चिखलाच्या वर आहे. म्हणजे आधी अपघात, मग चिखल वाळला, मग बंपर कापला. जो तुकडा रविवारी गाडीवर होता, तो नव्हता म्हणून माणूस मेला असं आपले प्रोफेसर लिहून देतात."

"मी 'असावी' लिहिलं होतं," प्रोफेसर पुटपुटला.

"रविवार ते मंगळवार चावी दोघांकडे गेली. प्रोफेसरांकडे मंगळवारी. पण डावीकडे जास्त कापलंय हे त्यांना सोमवारीच कुणीतरी फोनवर सांगितलं होतं."

सगळ्यांच्या माना दादाकडे वळल्या. दादा हसला, म्हणजे हसायचा प्रयत्न केला.

"मॅडम, मी माझ्या भावाच्या गाडीचा बंपर कशाला कापू?"

"त्यावर काहीतरी होतं म्हणून. हात दाखवा. उजवा."

"तेल उडालंय सांगितलं ना."

"हवालदार, काल संध्याकाळी बॉनेट उघडून काय दिसलं?"

"इंजिन शाबूत, मॅडम. तेलाचा एक थेंब बाहेर नाही. आणि इंजिन पुढे, दादांनी भावाला काढलं दारातून."

"प्लास्टिकला ग्राइंडर लावला की गरम थेंब उडतात. मला हे मिस्त्रीने सांगितलं. तुम्ही त्यालाच विचारलं असतं तर करवत वापरली असती."

बाई निळ्या गाडीपाशी गेल्या. नाकावर किडे तसेच होते. काल नुसती किळस आली होती, आज त्यांनी ते नीट बघितले.

"इथल्या प्रत्येक गाडीचं नाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बरबटलंय. या एकीचा उजवा कोपरा स्वच्छ. रविवारनंतर गाड्यांना कुणी हात लावला नाही, पुसलं नाही. मग या कोपऱ्यावरचे किडे गेले कुठे? ते जुन्या टेपवर होते. ही टेप शेवटच्या फेरीनंतर मारलीय."

त्यांनी टेपचं टोक नखाने उचललं आणि ओढलं. पट्टी चर्र आवाज करत निघाली. खाली निळा बंपर खरवडलेला होता आणि प्रत्येक चरीत पिवळा रंग भरलेला होता.

"दुसरा कुणी असता तर सोमवारीच हा कोपरा दुरुस्त करून आला असता," बाई म्हणाल्या. "पण शहरात हे काम करणारा एकच मिस्त्री. आणि त्याच्यावर तर खुनाचा आळ घालायचा होता. त्याच्याकडे जाणार कुठल्या तोंडाने? म्हणून टेप. वळणावर तुम्ही आतून घुसलात आणि तुमचा उजवा कोपरा त्याच्या डाव्या कोपऱ्यावर घातलात. झेंडेवाला जेवत होता. बघणारं कुणी नव्हतं. फक्त त्या चार बोटांच्या तुकड्यावर निळा रंग उरला होता."

दादाने आजूबाजूला पाहिलं.

"जरासं टेकवलं, बस. सगळेच टेकवतात." त्याने क्लबच्या लोकांकडे बोट केलं. "विचारा यांना. कोण टेकवत नाही?"

बादल्यांपाशी उभे असलेले लोक बादल्यांत बघत राहिले. एकानेही नाही म्हटलं नाही.

"टेकवलंत तेव्हा डोकं फिरलं असेल," बाई म्हणाल्या. "पण सोमवारी ग्राइंडर हातात घेतलात तो थंड डोक्याने. भावाचे बूट न्यायला म्हणून आलात. नंतर या पोरीच्या डोक्यावर हात ठेवून तिच्याच हातून तिच्या बापाला तुरुंगात घालायला निघालात. मला चोर भेटतात, मारेकरी भेटतात. रोजचेच आहेत. जेवण जातं तरी मला. आज रात्री जाईल असं वाटत नाही."

"दादा," मुलगी म्हणाली. एवढंच. दादाने तिच्याकडे पाहिलं नाही.

हवालदाराने त्याला जीपकडे नेलं. सेक्रेटरी बाईंच्या मागे मागे आला.

"मॅडम, उद्याच्या यादीचं काय करायचं?"

बाई थांबल्या. "शेडला सील लागतंय. आणि झेंडेवाल्याच्या जेवणाबद्दल तुमचा जबाब घ्यायचाय, सोमवारी दहाला. थंड काही मिळणार नाही."

शेडच्या दाराशी मिस्त्री आणि त्याची मुलगी दोघंच उभी होती. बाई जबाबाचे कागद गोळा करत होत्या आणि ऐकायचं नाही म्हटलं तरी त्यांना ऐकू येत होतं.

"बाबा," मुलगी म्हणाली. "बंपर कापून फरक पडत होता का हो?"

"नाही."

"त्याला माहीत होतं?"

"तिसऱ्या शनिवारीच कळलं होतं. दोघांनाही."

"मग तीन महिने दर शनिवारी तो तुमच्या दुकानात करत काय होता? मी घरी भांडत बसायचे त्याच्याशी, की काय एवढं कापताय म्हणून."

मिस्त्रीने हात एकमेकांवर चोळले. "लोकर लावायचो, काढायचो. पुन्हा लावायचो. चहा व्हायचा. फरक नाही असं मी म्हटलं असतं तर यायला कारण राहिलं नसतं. म्हणून मी म्हटलं नाही. त्यानेही म्हटलं नाही."

मुलगी रडायला लागली. पाच दिवस ती दादाच्या हाताखाली रडली होती, हे रडणं वेगळं होतं.

"शटरवर मी लिहिलंय, बाबा."

"माहीत आहे."

"कसं?"

"तुझं अक्षर मला कळणार नाही का? पहिलीपासून तुझ्या वह्यांवर कव्हरं कोण घालत होतं?" त्याने तिच्या काळ्या नखांकडे पाहिलं. "तू लिहिलेलं मी पुसायचं कसं, म्हणून ठेवलं."

बाईंनी कागदात गुंडाळलेला फर्मा पुराव्याच्या पिशवीत घातला आणि पिशवीवर तारीख, वार लिहिला. शनिवार.

"खटला संपला की हा तुमच्याकडे परत येईल," त्या मिस्त्रीला म्हणाल्या.

मुलीने गाड्या पुसायला आणलेल्या बादल्यांतली एक उचलली. स्वच्छ पाण्याची, अजून हात न लावलेली. दुसऱ्या हाताने फडकं घेतलं. क्लबचा एक जण काहीतरी बोलायला गेला आणि गप्प बसला.

"चला बाबा," ती म्हणाली. "आधी ते शटर पुसू."

"पाण्याने नाही निघायचं ते. जळकं तेल आहे. रॉकेल लागेल."

"मग रॉकेलने पुसू," ती म्हणाली. बादली तिने खाली ठेवली नाही.